काटा बसला की नाही

काकूंच्या उजव्या अंगठ्याला गेले आठ महिने धड काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट काकूंखेरीज कुणालाच माहीत नव्हती. सकाळी उठल्या की हाताला मुंग्या. पेला उचलला तर तो हातात आहे का, हे डोळ्यांनी बघून खात्री करायची. दुपारनंतर तर अंगठा म्हणजे हाताला चिकटवलेला लाकडाचा तुकडा. घरी कुणी विचारलंच तर 'झोपेत हात अंगाखाली आला' असं सांगून त्या विषय बदलायच्या.

दुसऱ्या कुणाचा अंगठा असता तर एवढं बिघडलं नसतं. काकूंची एकोणीस वर्षांची नोकरी त्याच अंगठ्यावर उभी होती. कारखान्यात प्रेशर गेज बनायचे, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसतात ते. घड्याळाएवढी गोल डबी, पांढरी तबकडी, काळा काटा. तबकडीच्या मधोमध सुईसारखी दांडी वर आलेली असते. तिच्यावर काटा ठेवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. कमी दाबला तर हादऱ्याने सरकतो. जास्त दाबला तर खालची बारीक चाकं अडकतात. नेमका दाबला की अंगठ्याला एक हलकीशी टक् जाणवते. ती जाणवली की हात काढायचा. काटे बसवायच्या टेबलावर काकूंसकट चार बायका होत्या आणि बाकी तिघींना हे काकूंनीच शिकवलं होतं.

टक् जाणवेनाशी झाली तेव्हा काकूंनी मनाशी एक युक्ती काढली. काटा कितपत खाली गेला ते डोळ्यांनी बघायचं, आणि दरवेळी तेवढाच खाली न्यायचा. काही महिने ते निभावलंही.

मग एक्केचाळीस गेज परत आले. सगळ्यांचे काटे सरकलेले. त्यातला एक कुठल्याशा रुग्णालयात सिलिंडरवर बसला होता, सिलिंडर रिकामं झालं तरी अर्धं भरलेलं दाखवत होता. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून रुग्ण वाचला. ही बातमी कारखान्यात आली तेव्हा काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनी काही म्हणायच्या आत ताईने, खिडकीजवळ बसणाऱ्या दुसऱ्या बाईने, सहज म्हणून टाकलं, "नवीन हात आहे टेबलावर. होणारच असं."

नवीन हात म्हणजे चिमी. काकूंच्या धाकट्या दिराची मुलगी. वर्षापूर्वी काकूंनीच शब्द टाकून तिला कामावर लावलं होतं. तोवर कारखान्यात काकूंना 'मोठ्या बाई' म्हणायचे. चिमी आली, येताजाता 'काकू, काकू' करू लागली, आणि सगळ्यांनीच ते नाव उचललं. घर एकच, खाली काकू आणि वर दीर-जाऊ. गेज परत आले त्याच आठवड्यात जाऊबाई जिन्यात थांबून म्हणाली होती, "वहिनी, माझ्या पोरीचा हात जड आहे म्हणतात. खरं का हो? तुम्ही शिकवलंत ना तिला?"

"शिकेल हळूहळू," काकू म्हणाल्या होत्या. त्या दोन शब्दांनी त्यांची त्या रात्रीची झोप उडवली, आणि पुढच्याही कितीतरी.

गेज घेणाऱ्या कंपनीने मालकाला बजावलं, की काटे यंत्राने बसवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. कुठलं यंत्र घेताय ते अमुक दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. मालकाला सगळे 'दादा' म्हणत. वडील गेल्यावर त्याने कारखाना सांभाळायला घेतला होता. काकूंनी त्याला शाळेच्या कपड्यांत, पॅकिंगच्या खोक्यांवर बसून अभ्यास करताना पाहिलं होतं. पण चारचौघांत त्या त्याला 'अहो दादा'च म्हणत.

दादाने दोन कंपन्यांना एकाच दिवशी बोलावलं. कारखान्याची जागा बेताची, म्हणून टेबलावर मावतील असे छोटे रोबोट हवे होते. सकाळी नऊलाच दोन यांत्रिक हात येऊन बसले. एक पांढरा, चकचकीत. त्याच्याबरोबर टाय लावलेला, सतत हसणारा माणूस. दुसरा राखाडी, जरा बुटका. त्याच्याबरोबर चष्मा लावलेली एक इंजिनियर बाई, जी फारसं बोलत नव्हती आणि केबल स्वतःच जोडत होती.

"आधी बायकांचं काम मोजू," चष्मेवाली म्हणाली. "माणसाचा हात किती चुकतो ते कळल्याशिवाय यंत्र बरं की वाईट कसं ठरवायचं?"

"अगदी बरोबर," दादा म्हणाला. "चौघींनी पंचवीस-पंचवीस काटे बसवायचे. प्रत्येकीच्या ट्रेवर नंबराची चिठ्ठी. मग काटा फिरवून बघायच्या यंत्रावर एकेक तपासू." त्याने चिमीकडे न बघता पुढे जोडलं, "म्हणजे एकदाचा निकाल लागेल."

चिमीची मान खाली गेली.

काकू जागेवर बसल्या. त्यांचा नंबर तीन, चिमीचा चार. पहिला काटा ठेवला, दाबला. काही नाही. दुसरा. काही नाही. त्या डोळे फाडून तबकडी आणि काटा यांच्यातली फट बघत होत्या. त्यातून समोरचे बिनकाट्याचे गेज दोन वेगवेगळ्या डब्यांतले, मिसळलेले. नव्या डब्यातल्या गेजची दांडी केसभर आखूड असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण केसभर फरक अंगठ्याला कळतो, डोळ्यांना नाही. शेजारी चिमीचे हात सरळ, न थांबता चालले होते. ठेव, दाब, उचल. ठेव, दाब, उचल. मन लावून शिकली होती पोरगी.

साडेदहाला चहा झाला. सगळे अंगणाच्या बाजूच्या दारात उभे होते. ट्रे आत तपासणीच्या टेबलावर रांगेत ठेवलेले. काकू पाणी प्यायला म्हणून आत आल्या, आणि रांगेपाशी त्यांचे पाय थांबले.

चिठ्ठ्या नुसत्या ठेवलेल्या होत्या. चिकटवलेल्याही नव्हत्या.

एकदा दाराकडे बघितलं. टायवाला काहीतरी विनोद सांगत होता, ताई हसत होती. काकूंचा डावा हात पुढे झाला. तीनची चिठ्ठी उचलली, चारच्या जागी ठेवली. चारची तीनवर. एवढंच. पाणी न पिताच त्या बाहेर आल्या आणि ताईने "काय हो, बरं वाटत नाही का?" विचारलं तेव्हा चहाचे कप गोळा करू लागल्या.

तपासणी सुरू झाली. यंत्र काट्याला हलकासा पीळ द्यायचं. घट्ट बसलेला काटा जागचा हलायचा नाही, सैल असला की सरकायचा आणि लाल दिवा लागायचा. ताईच्या पंचवीसांत एक लाल. दुसरीचे दोन. तीन नंबरच्या ट्रेत एकही नाही.

"वा, काकू," दादा म्हणाला. "हात तो हातच."

मग चार नंबर. तिसऱ्याच काट्याला लाल. सहाव्याला लाल. नववा, दहावा. खोलीत फक्त यंत्राचा पीळ देण्याचा बारीक आवाज. पंचवीस संपले तेव्हा सात लाल झाले होते आणि दोन गेजची चाकं अडकलेली निघाली.

"दादा, मी..." चिमी आपल्याच हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. "मला तर सगळे नीट बसल्यासारखे वाटले. शप्पथ."

"वाटून काय उपयोग?" दादाचा आवाज चढला नाही, पण त्यात कसलाही ओलावा नव्हता. "एखादा माणूस दगावला असता, चिमी. तू आजचा दिवस बस. उद्यापासून येऊ नकोस. काकू, मला माफ करा, पण माझा नाइलाज आहे."

माफी. ती काकूंकडे मागत होता तो. काकूंनी मान हलवली, हो की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिमी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं. ती रडली नाही. तिने काकूंकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, शरम होती. तुमचं नाव घालवलं मी, असं काहीतरी.

दुपारी पांढऱ्या हाताची पाळी आली. टायवाल्याने बाह्या सावरल्या. "बघत राहा," म्हणाला.

आणि खरंच बघत राहावं असंच ते होतं. हात वाकला, काटा उचलला, वळला, टेकवला, दाबला, मागे आला. चार सेकंद. परत. चार सेकंद. न डगमगता, न दमता. दोन्ही कंपन्यांसाठी बिनकाट्याचे गेज आठवड्यापूर्वीच एका डब्यातून वेगळे काढून ठेवले होते, त्यांतले पंचवीस त्याने मिनिटा-दोन मिनिटांत संपवले. तपासणीत एकही लाल नाही.

दादाच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. "झालं की मग! आणखी काय बघायचं?"

"आमचं यंत्र बाकी आहे," चष्मेवाली शांतपणे म्हणाली.

"किती सेकंद लागतात तुम्हाला?"

"नऊ."

टायवाला हसला. दादाने घड्याळ बघितलं. पावणेचार. "मी फोन लावून टाकतो त्यांना," तो म्हणाला आणि फोन काढत ऑफिसकडे वळला.

काकू पांढऱ्या हाताकडेच बघत होत्या. टायवाल्याने तो नुसता दाखवण्यासाठी पुन्हा चालू केला होता. वर, खाली. वर, खाली. दरवेळी अगदी तेवढाच खाली. काटा बसला का, याची त्या हाताला फिकीरच नव्हती. ठरलेल्या जागेपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. एका डब्यातल्या दांड्या सारख्याच उंचीच्या, तोवर ठीक. पण रोजच्या कामात डबे मिसळतात. मिसळले की काय होतं, ते काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं? दिवसाला हजारो गेज जातील. आणि तेव्हा दोष द्यायला कुणी चिमीही नसेल.

दादा ऑफिसच्या दारात पोचला होता.

"दादा, थांब."

एकोणीस वर्षांत चारचौघांत त्या पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होत्या. दादा गर्रकन वळला.

"ते यंत्र घेऊ नकोस. ते माझ्यासारखं दाबतंय."

"तुमच्यासारखं? म्हणजे चांगलंच की!"

"नाही रे बाबा." काकूंनी उजवा हात वर धरला. "ह्याला काही कळत नाही. कधीचं कळत नाही. काटा बसला की नाही ते मला समजतच नाही, मी नुसती बघून दाबते, दरवेळी तेवढंच. ते पांढरं पण तेच करतंय. दांडी आखूड आली की काटा सैल, लांब आली की चाकं दबली. ते एक्केचाळीस माझे आहेत."

कुणाला पटकन उमगलंच नाही. ताई म्हणाली, "अहो, तुमच्या ट्रेत तर एकही..."

"तो चिमीचा ट्रे. चिठ्ठ्या मी बदलल्या. चहाच्या वेळी."

पांढरा हात अजून वर-खाली होत होता. चष्मेवालीने पुढे होऊन बटण दाबलं तेव्हा तो थांबला.

दादाने फोन खिशात घातला. तो काकूंच्या समोर येऊन उभा राहिला. "माणूस मेला असता, काकू. आणि तुम्ही तिला समोर उभं करून... घरातली पोर तुमच्या!"

"हो."

"नुसतं हो?"

"काय सांगू आणखी? हात गेला म्हणजे मी गेले असं वाटलं मला. भ्याले." त्यांनी चिमीकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "आधी यंत्राचं बघा. मला काय करायचं ते मग करा. दोन्ही डब्यांतले गेज मिसळा आणि परत चालवा. पाच वाजायला अजून वेळ आहे."

टायवाल्याचं हसू आता मावळलं होतं. "असं आयत्या वेळी नमुना बदलणं बरोबर नाही," तो म्हणाला.

"आमच्याकडे रोज असाच माल येतो," दादा म्हणाला. "चालवा."

गेज मिसळायला चिमीच पुढे आली. तिने दोन्ही डबे ट्रेत रिकामे केले, हाताने कालवले आणि गेज मांडून दिले. पांढऱ्या हाताने तितक्याच झोकात पंचवीस काटे बसवले. तपासणीत सहा लाल, तीन अडकलेले. जवळजवळ काकूंच्याच ट्रेइतके.

"वेगळा सेन्सर बसवता येतो," टायवाला घाईने म्हणाला. "सहा-आठ आठवडे लागतील. वेगही थोडा कमी होईल."

दादाने घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "तुमचं लावा," तो चष्मेवालीला म्हणाला.

राखाडी हात बघायला काही मजा नव्हती. हळूच जायचा, काटा दांडीवर टेकवायचा, जरा थांबायचा, मग असा दाबायचा की दाबतोय हे दिसूही नये. लॅपटॉपच्या पडद्यावर एक रेघ चढत जायची, एका जागी झपकन मुरका घ्यायची, की हात मागे. पुढच्या वेळी तो मुरका जरा आधी यायचा. त्याच्या पुढच्या वेळी जरा उशिरा.

"ते काय आहे?" काकूंनी न राहवून विचारलं.

"काटा बसला की दाब एकदम बदलतो," चष्मेवाली म्हणाली. "मनगटात सेन्सर आहे, त्याला ते कळतं."

"टक्," चिमी हळूच म्हणाली.

अठराव्या काट्याला हात थांबला. रेघ चढली, चढतच गेली, मुरका आलाच नाही. हाताने तो गेज उचलून बाजूच्या खोक्यात ठेवला आणि पुढचा घेतला. टायवाल्याने लगेच मान पुढे केली, "चुकला!" चष्मेवालीने गेज उचलून दादाच्या हातात दिला. दादाने तो चिमीकडे दिला. चिमीने काटा काढून उजेडाकडे धरला.

"भोक मोठं आहे काट्याचं. कुणीही दाबला असता तरी हा सुटलाच असता."

उरलेले चोवीस तपासले. एकही लाल नाही.

पाचला दहा मिनिटं कमी होती. दादा खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "नऊ सेकंद. एवढ्यात दिवसाचा माल निघत नाही."

"निम्मा निघेल," चष्मेवाली म्हणाली. "वाढवून सांगणार नाही मी."

"आणि निम्मा?"

"टेबलावर बायका आहेत ना," ताई म्हणाली. "त्यांच्या अंगठ्यांना अजून कळतं."

बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. पण दादाने मान वर केली, एकदा टेबलाकडे, एकदा राखाडी हाताकडे बघितलं आणि ऑफिसात जाऊन फोन लावला. काचेपलीकडून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ तो फक्त ऐकत होता. मग दोनदा काहीतरी ठासून बोलला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "राखाडी. आणि बायकांनी बसवलेला प्रत्येक काटा तपासणीतून जाणार. मानले ते." मग चिमीला, "तू उद्या ये. मी जे बोललो ते..." काकूंना तो एवढंच म्हणाला, "तुम्ही घरी जा. तुमचं काय करायचं ते मला आज सुचत नाहीये."

रोज दोघी एकत्रच घरी जायच्या. त्या दिवशी चिमी पुढे निघून गेली. काकू एकट्याच चालत आल्या आणि खालच्या आपल्या दारापाशी न थांबता जिना चढून वर गेल्या. जाऊबाई धुतलेले कपडे घडी करत होती. काकूंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचंही. जाऊबाईने हातातला टॉवेल घडी करून ठेवला, उलगडला, परत घडी केला.

"मी विचारलं होतं तुम्हाला, वहिनी," ती म्हणाली. "जिन्यात. तोंडावर विचारलं होतं."

एवढंच. मग आत निघून गेली. काकूंना शिव्या खायची तयारी होती, याची नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी मनगटातली नस दबल्याचं सांगितलं, छोटी शस्त्रक्रिया लागेल म्हणाले. दादाने काकूंना काढलं नाही, पण काटे बसवायच्या टेबलावर पुन्हा बसायचं नाही हे स्पष्ट सांगितलं. बरं झाल्यावर येणाऱ्या मालाचं मोजमाप करायचं, कुठल्या डब्यातल्या दांड्या आखूड, कुठल्या लांब, ते वेगळं काढायचं. दुखतं-खुपतं ते सांगायचं, लपवायचं नाही, असा एक कागदही त्याने भिंतीवर लावला. कुणाचं नाव त्यात नव्हतं, तरी त्याच्यासमोरून जाताना काकूंची नजर खाली जायची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काका बरोबर होते, पण त्यांना रुग्णालयाच्या वासानेच घेरी यायची, ते बाहेर बाकावर बसले. आत काकू एकट्या, मनगटावर नावाची पट्टी, अंगावर तो मागून बांधायचा निळा झगा. पडदा सरकला आणि चिमी आत आली. कारखान्यातून सुटून सरळ आली होती, केसांत अजून टोपीची खूण.

"कुणी पाठवलं तुला?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली." ती स्टुलावर बसली, जरा लांबच. "अजून राग आहे मला. ते आधीच सांगते."

"असू दे."

"पुष्कळ आहे."

"असू दे गं."

मग चिमी राखाडी हाताबद्दल सांगू लागली, कामाचं सांगावं तसं, काकूंकडे न बघता. चष्मेवाली दोन दिवस येऊन राहिली, हात धरून त्याला कसं फिरवायचं ते चिमीला शिकवलं. आता नवीन मापाचे गेज आले की चिमीच त्याला दाखवते. काल एक काटा तो घेईचना. सगळ्यांनी डोकं खाजवलं. शेवटी कळलं, काट्यांचा ट्रे उलटा मांडला होता.

"कुणी मांडला?"

"ताईने. आणि म्हणते काय, यंत्राला अक्कल नाही."

काकू हसल्या. चिमीला हसायचं नव्हतं, पण तोंडाचा कोपरा वळलाच. मग नर्स आली, नाव विचारलं, आणि खाटेची चाकं मोकळी केली.